आधी शिक्षण, मग शस्त्र
पहिल्या पिस्तुलाचा प्रश्न आणि बाजाराचा युक्तिवाद

पिस्तूल विकत घ्यावयाचे असेल तर ते चालवावयास आधी शिकावे की मागाहून, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ज्याच्या खिशात पैसा आहे आणि मनात भय आहे अशा मूठभरांचा तो प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. परंतु प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या वस्तूने एका क्षणात माणूस मरतो, ती वस्तू कोणाच्या हाती कोणत्या क्रमाने द्यावयाची, हे बाजाराने ठरवावयाचे की समाजाने, हा खरा वाद आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: शिक्षण शस्त्राच्या आधी आले पाहिजे, ते विक्रेत्यापासून स्वतंत्र असले पाहिजे, आणि ते सार्वजनिक, स्वस्त व खरे असले पाहिजे, कागदी नव्हे. हे म्हणणे ज्यांना मान्य नाही त्यांचे आक्षेप एकेक करून तपासू.

दागिन्यांच्या पेटीत रिव्हॉल्व्हर

बाजाराचा युक्तिवाद कसा चालतो याचा नमुना म्हणून एकच उदाहरण पुरेसे आहे. 16 डिसेंबर 2012 रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि तिला प्राण गमवावे लागले. देशभर लोक रस्त्यावर उतरले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला. त्यात कायद्यातील सुधारणांबरोबरच रस्त्यांवरील दिवे, सुरक्षित सार्वजनिक वाहतूक आणि पोलीस यंत्रणेची सुधारणा यांचा आग्रह होता. यानंतर अवघ्या वर्षभराने, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी फील्ड गन फॅक्टरीने स्त्रियांसाठी म्हणून एक हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नाव ठेवले ‘निर्भीक’. ज्या मुलीला लोकांनी ‘निर्भया’ म्हटले तिचे स्मरण या नावात होते हे सांगावयास नको. वजन सुमारे अर्धा किलो, बोअर .32, गोळ्या सहा, किंमत 1,22,360 रुपये. आणि ते ठेवावयास दिली होती दागिन्यांसाठी असते तशी मरून रंगाची पेटी.

या किमतीचा हिशेब करून पाहा. रोजगार हमीची मजुरी दिवसाला 200 रुपये धरली तर हे रिव्हॉल्व्हर 612 दिवसांच्या श्रमाचे होते. वर्षाला 100 दिवसांच्या हमीने सहा वर्षांहून अधिक. पहाटे पाचला धुण्याभांड्यांसाठी घराबाहेर पडणारी, रात्रपाळी करून शेवटच्या लोकलने परतणारी, शेतातून तिन्हीसांजेला एकटी येणारी स्त्री या ‘सुरक्षिततेच्या’ कक्षेतच येत नाही. शिवाय सरकारच्याच गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक, परिचित. पर्समधील शस्त्र या वास्तवाला उत्तर देत नाही. जी जबाबदारी शासनाची होती ती पेटीत घालून, किंमत लावून, एकट्या स्त्रीच्या माथी मारली गेली, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु येथे आमचा मुद्दा त्याहून नेमका आहे. या साऱ्या जाहिरातबाजीत वजन सांगितले गेले, धातू सांगितला गेला, पेटीचा रंग सांगितला गेला. ते चालवावयास कोण, कोठे, किती दिवसांत आणि किती खर्चात शिकविणार, हा प्रश्न मात्र कोपऱ्यात राहिला. कारण बाजाराला ग्राहक हवा असतो, आणि शिकलेला ग्राहक पुष्कळदा ग्राहकच राहत नाही. याकडे पुढे येऊ.

न शिकलेला हात म्हणजे काय?

ज्यांनी पिस्तूल हाती धरलेले नाही त्यांना वाटते की त्यात शिकण्यासारखे ते काय; चाप ओढला की गोळी सुटते. हा गैरसमज चित्रपटांनी रुजविला आहे. वस्तुस्थिती काय आहे?

पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांचे मॅगझिन असते. ते काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. ते खरे नव्हे. नळीच्या मागल्या टोकाशी असलेल्या कोठीत, जिला चेंबर म्हणतात, एक काडतूस तसेच राहिलेले असू शकते, आणि अनेक बनावटींत मॅगझिनशिवायही ते सुटते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझिन काढावयाचे, मग वरची स्लाइड मागे ओढून कोठी रिकामी करावयाची, आणि ती डोळ्यांनी व बोटाने तपासावयाची. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी दुसरे येऊन बसते आणि ‘रिकामे’ समजलेले शस्त्र भरलेलेच राहते. शस्त्र साफ करताना होणाऱ्या अपघातांच्या मुळाशी पुष्कळदा हीच चूक असते.

दुसरी गोष्ट नेमाची. पिस्तुलाची नळी आखूड असते आणि आधार फक्त हातांचा. चाप झटक्याने ओढला की नळीचे तोंड किंचित हलते. ते किंचित हलणे दहा मीटरवर वीतभर होते. ती गोळी हवेत विरून जात नाही. ती भिंत, दार, शेजारचे घर, रस्त्यावरचे मूल यांपैकी कशाला तरी लागते. म्हणून जगभरच्या शिक्षणात चार नियम आधी घोटून घेतले जातात: प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे, ज्यावर गोळी झाडावयाची नाही त्याच्याकडे नळी वळवू नये, नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये, लक्ष्य आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते ओळखल्याशिवाय गोळी झाडू नये. हे नियम वाचून पाच मिनिटांत पाठ होतात. भीतीने हात थरथरत असतानाही ते पाळले जावेत यासाठी महिनोन् महिन्यांचा सराव लागतो.

तिसरी गोष्ट घराची. शस्त्र रिकामे व कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात, आणि किल्ली मुलांच्या हाती पडणार नाही अशी. चौथी गोष्ट कायद्याची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि त्याची मर्यादाही आहे: बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही. ही मर्यादा ज्याला ठाऊक नाही, त्याचे पिस्तूल त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊन सोडील.

तीन कायदे, तीन प्रश्न

आता पहिला आक्षेप. काही मंडळी म्हणतात, शिक्षणाची अट ही नागरिकाला नि:शस्त्र करण्याच्या वसाहतवादी धोरणाचीच शेपटी आहे. हा आक्षेप इतिहासाचा आधार घेतो, म्हणून इतिहासच पाहू.

1878 मध्ये लिटनच्या राजवटीत आलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जोखडात बांधले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. तो कायदा माणसाला एकच प्रश्न विचारीत होता: तुझा वंश कोणता? या अपमानाविरुद्ध राष्ट्रीय चळवळीने दीर्घकाळ आवाज उठविला. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. शस्त्र हा भारतीय नागरिकाचा बिनशर्त मूलभूत हक्क नाही, हा निर्णय परक्या सरकारचा नव्हे, स्वतंत्र भारताच्या घटनाकारांचा आहे.

1959 च्या शस्त्र कायद्याने 1878 चा कायदा रद्द केला. त्याच्या चौदाव्या कलमात एक तरतूद आहे जी प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे कायदा तुमची इस्टेट विचारीत नाही. बाजार मात्र तेवढेच विचारतो. त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने 21 वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास मनाई केली. परंतु शिक्षणाच्या ओघात, विहित वय पूर्ण केलेल्या तरुणाला विहित अटींवर ते वापरण्याची मुभा ठेवली. बाळगणे वेगळे आणि शिकणे वेगळे, आणि शिकणे बाळगण्याच्या आधी येऊ शकते, हे तत्त्व कायद्याने स्वतःच मान्य केले आहे.

आणि 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यावर शस्त्र व दारूगोळ्याच्या सुरक्षित हाताळणीचे शिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र जोडण्याची अट घातली. वसाहतीचा कायदा विचारीत होता, तू कोण? बाजार विचारतो, तुझ्याजवळ किती? शिक्षणाची अट विचारते, तुला काय येते? या तिन्हींत लोकशाहीला साजेसा प्रश्न तिसराच आहे, कारण त्याचे उत्तर जन्माने वा पैशाने मिळत नाही, श्रमाने मिळते. ज्यांना यात लिटन दिसतो त्यांनी लिटनचा कायदा वाचलेला नाही.

अमेरिकेचा दाखला

दुसरा आक्षेप समुद्रापलीकडून आणला जातो. अमेरिकेत पाहा, म्हणतात, स्वतंत्र नागरिक दुकानात जातो आणि शस्त्र घेतो. शिकावयाचे की नाही ते तो स्वतः ठरवितो. हे खरे आहे. तेथील बहुसंख्य राज्यांत पिस्तूल विकत घेण्यापूर्वी शिक्षणाची सक्ती नाही, आणि अर्ध्याहून अधिक राज्यांत ते लपवून बाळगण्यास परवानाही लागत नाही. परंतु त्या स्वातंत्र्याचा जमाखर्चही पाहिला पाहिजे. 2021 या एका वर्षात त्या देशात 48,000 हून अधिक माणसे अग्निशस्त्रांनी मेली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. म्हणजे परक्या चोरासाठी घरात आणलेले शस्त्र बहुतेक वेळा घरच्याच माणसावर चालले.

याहून बोलका इतिहास तेथील नॅशनल रायफल असोसिएशनचा आहे. ही संस्था 1871 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली ती यादवी युद्धातील सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची होती म्हणून. तिचा हेतू शिक्षणाचा होता. 1977 च्या सिनसिनाटी अधिवेशनात तिची सूत्रे ज्या गटाच्या हाती गेली त्याने तिला निर्बंधांविरुद्ध लढणारी राजकीय शक्ती बनविले. ती संस्था आजही वर्ग चालविते. परंतु जी शस्त्र कसे धरावे ते शिकविते तीच, शिकल्याशिवाय शस्त्र मिळालेच पाहिजे म्हणून भांडते. शिक्षण विक्रीच्या दावणीला बांधले की त्याचे काय होते, याचा हा धडा आहे. तो आपण दुसऱ्याच्या रक्ताने शिकलो तर बरे.

‘आपला काय संबंध?’

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे, म्हणून तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. एक लाखाचे पिस्तूल घेणाऱ्याच्या शिक्षणाची चिंता आपण कशाला करावी, असे काही कॉम्रेड विचारतात.

विदर्भातील एका शहरात बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या एका वयस्क पहारेकऱ्याशी प्रस्तुत लेखकाचे बोलणे झाले. बंदूक त्याची स्वतःची, परवाना त्याच्या नावावर; ती आहे म्हणून तर कंत्राटदाराने त्याला कामावर घेतले. बारा तास उभे राहावयाचे. शेवटची गोळी कधी झाडली, असे विचारता तो हसला. काडतुसे महाग, सरावाला जागा नाही, आणि सरावाचा दिवस म्हणजे बुडालेली हजेरी. ‘साहेब, ही काठीच समजा,’ तो म्हणाला. त्या काठीत दोन काडतुसे होती आणि दारात गर्दी होती.

खाजगी सुरक्षा संस्थांचा कायदा 2005 मध्ये झाला. त्याखालील 2006 च्या केंद्रीय नमुना नियमांनी नव्या पहारेकऱ्यासाठी किमान 100 तास वर्गातील आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानातील शिक्षण सांगितले. त्यांत विषयांची यादी लांबलचक आहे. परंतु अग्निशस्त्राची हाताळणी हा विषय त्या यादीत ‘ऐच्छिक’ होता! कारखान्यातील यंत्रावर अशिक्षित कामगाराला उभे केले आणि त्याचा हात गेला तर आपण मालकाला जाब विचारतो. मग ज्या कामगाराच्या हाती यंत्र म्हणून शस्त्रच दिले आहे त्याच्या शिक्षणाचा प्रश्न आपला नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? शिवाय सुटलेली गोळी वर्ग पाहत नाही. उत्तरेकडील लग्नांच्या वरातींत हवेत झाडलेल्या गोळ्यांनी वाजंत्रीवाले, वाढपी आणि पोरेटोरे मेली आहेत. 2019 च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, तो उगाच नव्हे. शस्त्र श्रीमंताचे असते; त्याच्या अज्ञानाची किंमत पुष्कळदा गरीब मोजतो.

शिक्षण कोठे शोधावे, कसे ओळखावे

टीका करून थांबणे पुरेसे नाही. ज्याला पहिले पिस्तूल घेण्याचा विचार करावा लागत आहे, कामासाठी असो वा खऱ्या धोक्यामुळे, त्याने काय करावे?

त्याने दुकानात जाऊ नये; आधी नेमबाजीच्या मैदानावर जावे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही देशभरच्या नवख्या नेमबाजांची पहिली पायरी आहे. तिच्याशी संलग्न संघटना राज्याराज्यांत आहेत. मुंबईत वरळीचे, पुण्यात बालेवाडीचे, दिल्लीत तुघलकाबादचे मैदान आहे. भोपाळला राज्य सरकारची नेमबाजी प्रबोधिनी आहे. आरंभ दहा मीटरवरील एअर पिस्तुलाने करावा. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. पकड, श्वास, नेम आणि चाप यांचे सारे प्राथमिक शिक्षण त्यावर होते, आणि खर्च काडतुसाच्या मानाने नगण्य असतो.

शिक्षण खरे की कागदी हे ओळखावयास चार प्रश्न पुरेत. शिकविणारा शस्त्र विकतो काय, वा विक्रीवर दलाली घेतो काय? विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती वेळा शस्त्र भरतो, रिकामे करतो आणि गोळी झाडतो? कायदा आणि घरातील साठवण शिकविली जाते काय? आणि जो तयार झाला नाही त्याला नापास केले जाते काय? जेथे अर्ध्या दिवसात सर्वांना प्रमाणपत्र मिळते तेथे शिक्षण नव्हे, कागदाचा व्यापार चालतो.

सार्वजनिक शिक्षण हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल तर त्याने कोल्हापूरकडे पाहावे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत त्याने कांस्यपदक मिळविले. सरकारने शिक्षणाचे दार उघडले तर खेड्यातील शिक्षकाचा मुलगा जगाच्या मैदानावर उभा राहू शकतो. पदकासाठी जे शक्य आहे ते प्राणरक्षणासाठी अशक्य का असावे?

शिकणे म्हणजे नकाराचेही स्वातंत्र्य

शेवटी या वादाच्या गाभ्याकडे येऊ. शिक्षण आधी का, मागाहून का नको? कारण आधी शिकणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक असते. मैदानावर सहा महिने घालविल्यानंतर माणसाला कळते की घाबरलेल्या हाताचा नेम कोठे जातो, झोपेतून उठून कुलूप उघडावयास किती वेळ लागतो, आणि मुले असलेल्या घरात शस्त्र ठेवणे म्हणजे काय. त्यानंतर तो शांतपणे ठरवितो, आणि अनेकदा ठरवितो की घेऊ नये. ज्याने आधी लाखभर रुपये मोजले आहेत त्याचे शिक्षण मात्र केलेल्या खर्चाचे समर्थन बनते. विक्रेत्याला उलटा क्रम का आवडतो, हे आता स्पष्ट व्हावे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. 2016 च्या नियमांतील शिक्षणाची अट कागदावर न ठेवता तिच्या कसोटीत प्रत्यक्ष हाताळणी व गोळीबाराची परीक्षा असावी. शस्त्र बनविणाऱ्यास वा विकणाऱ्यास प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नसावा. जिल्हा पोलीस मुख्यालयांची गोळीबाराची मैदाने ठरलेल्या दिवशी, नाममात्र शुल्कात, अर्जदारांसाठी खुली करावीत. सशस्त्र पहारेकऱ्याचे शिक्षण सक्तीचे असावे, त्याचा खर्च मालकाने करावा आणि सरावाचा दिवस पगारी धरावा. या चौथ्या मागणीसाठी कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहारेकऱ्यांच्या संघटनांनी ती पुढच्या वाटाघाटीतच टेबलावर ठेवावी.

बँकेच्या दारातील तो वृद्ध अजूनही उभा असेल. त्याच्या हातातील ‘काठी’ भरलेली आहे, हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या मालकाला ठाऊक आहे आणि आता आपल्यालाही ठाऊक झाले आहे. ठाऊक असून गप्प राहिलो, तर पहिल्या अपघातानंतर जाब मालकाला विचारताना तो आधी स्वतःला विचारावा लागेल.